कामतीच्या पुढे

माझी आई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि तिच्या नोकरीची २२ वर्षे मोहोळ तालुक्यातल्या कामती या एकाच गावात गेली. आम्ही सोलापुरात राहत होतो, त्यामुळे ही सगळी वर्षे तिने एसटीने अप-डाऊन केले. सकाळी मंगळवेढ्याला जाणारी गाडी धरायची आणि संध्याकाळी मंगळवेढ्याहून येणाऱ्या गाडीने परतायचे, असा तिचा क्रम होता. ज्या गाडीत ती रोज बसत असे तिच्या पाटीवर ‘मंगळवेढा’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असे, परंतु त्या गाडीने ती मंगळवेढ्याला एकदाही गेली नाही. कामती आले की आई उतरायची आणि गाडी पुढे जायची.

मागच्या दिवाळीत फराळाचे डबे भरताना तिने मला सहज विचारले, ‘‘कामतीच्या पुढं भीमा किती वेळानं लागते गं?’’ मी त्या रस्त्याने मोटारीतून दोन-तीनदा गेले होते, पण पूल कधी आला आणि कधी मागे पडला हे मला सांगता येईना. शाळेची सहल एकदा माचणूरला गेली होती, त्या दिवशी मी तापाने फणफणले होते आणि म्हणून ती सहलीला न जाता घरी थांबली होती, हेही तिने त्याच वेळी सांगितले. ही गोष्ट मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हती. थंडी सरायच्या आत एक दिवस काढायचा, आईबरोबर त्याच गाडीत बसायचे, कामतीला न उतरता पुढे जायचे आणि सोलापूर, माचणूर, मंगळवेढा, पंढरपूर, मोहोळ आणि पुन्हा सोलापूर असा सगळा फेरा केवळ एसटीने पुरा करायचा, असे मी ठरवले. धाकट्या भावाने त्याची मोटार देऊ केली आणि आईचे वय ७६ आहे याची आठवणही करून दिली. त्याची काळजी खरी होती. पण आईला माचणूर पाहायचे होते त्याहून अधिक ती गाडी पुढे कुठे जाते हे पाहायचे होते, आणि ते मोटारीतून दिसणार नव्हते.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातल्या एका मंगळवारी सकाळी सातला आम्ही सोलापूरच्या बसस्थानकावर पोहोचलो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा सुरू असल्यामुळे खेड्यांतून येणाऱ्या गाड्या भरून येत होत्या आणि जाणाऱ्या गाड्यांना त्या मानाने गर्दी कमी होती. सोलापूरचे स्थानक दोन राज्यांचे आहे, असे मला नेहमी वाटते. एका फलाटावर बार्शी, अक्कलकोट, तुळजापूर अशा मराठी पाट्या असतात आणि शेजारी विजयपूर, कलबुर्गी, इंडी अशा कन्नड पाट्यांच्या कर्नाटकी गाड्या उभ्या असतात. ज्यांना कन्नड वाचता येत नाही तेही गाडीच्या रंगावरून आणि वाहकाच्या आरोळीवरून बरोबर गाडीत चढतात. आईला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही, आणि सोलापुरातल्या तिच्या पिढीच्या पुष्कळ जणांचे असेच आहे.

फलाटावर एका गोष्टीने आई थबकली. नुकत्याच आलेल्या एका गाडीच्या केबिनमधून चालकाने कापडी पिशव्या एकेक करून खाली दिल्या आणि तिथे वाट पाहत उभ्या असलेल्या पाच-सहा मुलांनी त्या उचलल्या. त्या पिशव्यांत जेवणाचे डबे होते. शिक्षणासाठी शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना गावाकडून सकाळच्या गाडीने डबा येतो आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत जातो. आई नोकरीत होती तेव्हाही हे होते आणि आजही आहे. भाकरी थापणारी बाई एका गावात, खाणारा मुलगा तीस-चाळीस किलोमीटरवरच्या शहरात, आणि मधला सगळा विश्वास एका चालकाच्या भरवशावर, ही व्यवस्था कोणत्याही वेळापत्रकात छापलेली नसते. एसटीबद्दल जे काही लिहिले जाते त्यात या डब्यांना पहिले स्थान द्यायला हवे, असे माझे मत आहे.

आमची गाडी साडेसातला सुटली. साधी, लाल रंगाची, तीन आणि दोन अशा आसनांची गाडी होती. आईने आत शिरताच डाव्या बाजूची, चाकाच्या पुढची खिडकी निवडली. ‘‘इथं धक्के कमी बसतात आणि सकाळचं ऊन मागून येतं,’’ असे ती म्हणाली. पूर्वी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी लागे आणि रुमाल टाकलेल्या जागेवर दुसरे कोणी बसत नसे. हा अलिखित कायदा सगळे पाळत, आणि तिचा पांढरा, निळ्या काठाचा रुमाल या मार्गावरच्या अर्ध्या प्रवाशांना ओळखीचा होता.

वाहकाने आईचे आधार कार्ड पाहिले आणि यंत्रातून तिकीट काढून तिच्या हातात दिले. त्यावर रक्कम शून्य होती. ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे आहे, त्यामुळे माझे तिकीट अर्ध्या दराचे निघाले. आईने ते शून्याचे तिकीट बराच वेळ हातात धरून ठेवले. तिच्या काळात वाहकाच्या हातात निरनिराळ्या किमतींच्या तिकिटांचा ट्रे असे, तिकिटाला भोक पाडायचा पंच असे आणि खांद्याला चामड्याची पिशवी असे. पंचाची टिकटिक करत वाहक पुढे सरकला की मागच्या आसनावरची माणसे सुटे पैसे काढून तयार राहत. मोफत प्रवासातही तिकीट दिले जाते, हे मला फार योग्य वाटते. तिकीट हातात असले की म्हातारे माणूस गाडीतला प्रवासी असते. गाडीत कितीजण बसले या मोजणीत ते धरले जाते, आणि कोणाच्या मेहेरबानीने बसलो आहोत असे त्याला वाटत नाही.

देगाव मागे पडले आणि शहर संपले. तिऱ्ह्याजवळ सीना ओलांडताना आईने सवयीने खिडकीतून पात्राकडे पाहिले. सीनेला पाणी आहे की नाही यावरून वर्ष कसे जाणार, हे शाळेतल्या मुलांच्या हजेरीआधी तिला कळत असे. दुष्काळी वर्षात फेब्रुवारीनंतर वर्गातली मुले कमी होऊ लागत, कारण घरची माणसे कामाच्या शोधात बाहेर पडत. या जिल्ह्याचा प्रश्न पाण्याचा आहे आणि या जिल्ह्याचे उत्तरही पाण्यानेच दिलेले आहे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि जिथे कालवा किंवा नदीचे पाणी पोहोचले तिथे ऊस आला, जिथे पोहोचले नाही तिथे ज्वारी राहिली. बसच्या उंच खिडकीतून हा फरक एखाद्या नकाशासारखा दिसतो. रस्त्याच्या एका अंगाला उसाचा हिरवा फड आणि दुसऱ्या अंगाला काळ्या रानात उभी, कणसे धरलेली शाळू ज्वारी. समोरून उसाने लादलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या एकामागून एक येत होत्या आणि आमचा चालक प्रत्येक वेळी गाडी बाजूला घेऊन त्यांना वाट देत होता.

वाटेत गाडी किती वेळा थांबली हे मी मोजले नाही. थांबा असो वा नसो, हात दाखवला की साधी गाडी थांबते. एका फाट्यावर दोन शिक्षक चढले, एका वस्तीवर एक म्हातारा उतरला, एका ठिकाणी कोणी चढले नाही आणि उतरलेही नाही, वाहकाने फक्त औषधाची एक पुडी एका मुलाच्या हातात दिली आणि दोरी दोनदा ओढून डबल बेल दिली. आई मला नावे सांगत होती. हा तरटाच्या झाडाचा थांबा, ही पाटलाची वस्ती, इथे पूर्वी हापसा होता. यांतली निम्मी नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

कामती आले तेव्हा आईने पिशवी उचलली, पुढच्या आसनाची दांडी धरली आणि ती उभी राहिली. मला काही सुचायच्या आत वाहक म्हणाला, ‘‘आजी, तुमचं माचणूर हाय. पुढं हाय अजून. बसा की.’’ आई बसली. तिचे डोळे मात्र शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर होते. तिथे आता काँक्रीट झाले आहे, कोपऱ्यावरचे चहाचे दुकान जाऊन मोबाइलचे दुकान आले आहे आणि लिंबाचे झाड तेवढे जुने आहे, असे तिने मला सांगितले.

कामतीला दहा-बारा माणसे चढली. त्यांतली पन्नाशीच्या आसपासची एक बाई डोक्यावरचे गाठोडे खाली ठेवता ठेवता आमच्याकडे पाहू लागली आणि मग एकदम म्हणाली, ‘‘बाई! वळखलं का?’’ आईने तिच्याकडे नीट पाहिले आणि तिचे नाव सांगितले, नुसते नाव नव्हे तर वडिलांच्या नावासकट, हजेरीपटावर लिहितात त्या क्रमाने. त्या बाईने तोंडाला पदर लावला. ती चौथीपर्यंत आईकडे शिकली होती. पाचवीला शाळा सोडली, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणी नव्हते. तिच्या दोन्ही मुली मात्र मोहोळच्या कॉलेजात गेल्या आणि त्यांतली एक आता परिचारिका आहे. आईला ती पाचवीचे सांगताना चाचरली, जणू काही शाळा सोडल्याचा जाब अजून द्यायचा आहे. आईने तिचा हात हातात घेतला आणि मुलींची नावे विचारून घेतली.

उतरण्याआधी तिने गाठोडे सोडले आणि हुरड्याची दहा-बारा हिरवी कणसे आईच्या पिशवीत घातली. ‘‘गुळभेंडी हाय, बाई. आजच भाजा, उद्यापातूर दाणा टणक हुतोय.’’ बेगमपूरला ती उतरली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली. आई इतकी वर्षे या गाडीत बसली, पण विद्यार्थ्याच्या गावी ती स्वतः उतरायची आणि गाडी पुढे जायची. या वेळी विद्यार्थिनी उतरली आणि आई पुढे गेली.

बेगमपूर सोडले की भीमेचा पूल लागतो. आईने घड्याळ पाहिले. कामतीपासून पूल काही फार लांब नव्हता. शाळा सुटल्यावर परतीच्या गाडीची वाट पाहताना जेवढा वेळ जाई, त्याहून कमी वेळात आम्ही भीमेवर होतो. पूल ओलांडला की मोहोळ तालुका संपतो आणि मंगळवेढा तालुका सुरू होतो. आम्ही माचणूर फाट्यावर उतरलो, आणि आत जाणाऱ्या रस्त्याने आईच्या चालीने, दोनदा सावलीत थांबत, देवळाकडे निघालो.

माचणूरचे सिद्धेश्वराचे देऊळ भीमेच्या अगदी काठावर आहे. दरवाज्यातून आत गेल्यावर पायऱ्या उतरून देवळापाशी जावे लागते आणि देवळाच्या पलीकडे आणखी पायऱ्या थेट नदीत उतरतात. पात्रात जटाशंकराचे छोटे देऊळ आहे, त्याच्याभोवती पाणी संथ वाहत होते. श्रावणात आणि महाशिवरात्रीला इथे मोठी गर्दी असते, पण त्या मंगळवारी सकाळी आम्ही दोघी, एक पुजारी, आणि घाटावर कपडे धुणाऱ्या तीन बायका एवढेच होतो. आईने अनवाणी एकेक पायरी उतरून पाण्यात पाय सोडले आणि ती तिथे पाऊण तास बसली. मी तिला हलवले नाही.

देवळाला लागूनच किल्ल्याचा तट आहे. नदीच्या बाजूने तो ढासळलेला आहे, पण जमिनीच्या बाजूचे बुरूज अजून उभे आहेत. औरंगजेबाने १६९५ ते १६९९ या काळात आपली मुख्य छावणी इथे, शेजारच्या ब्रह्मपुरीला ठेवली होती आणि गावाचे नाव बदलून इस्लामपुरी केले होते. त्या चार-साडेचार वर्षांत मोगल साम्राज्याचा कारभार भीमेच्या या वळणावरून चालत होता. दक्षिणेत जिंजीचा वेढा सुरू होता, राजाराम महाराज तिथून निसटले, आणि अखेर १६९९ मध्ये बादशहा स्वतः मराठ्यांचे किल्ले जिंकायला इथून बाहेर पडला तो दिल्लीला परत गेलाच नाही. देवळाबद्दलची एक कथा या भागात सगळे सांगतात. बादशहाचे सैन्य देऊळ पाडायला आले तेव्हा गाभाऱ्यातून भुंग्यांचे थवे उठले आणि त्यांनी सैन्याला पळवून लावले. कथा कथा म्हणून ऐकावी. पण सगळ्या छावणीचा मुक्काम शेजारी असूनही हे देऊळ उभे राहिले, हे डोळ्यांना दिसते.

आईने मात्र वेगळेच गणित केले. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास तिने इतकी वर्षे शिकवला होता, त्यामुळे सनावळी तिच्या जिभेवर असते. ‘‘त्याचा जन्म १६१८चा. नोव्हेंबरातला. म्हणजे १६९५च्या उन्हाळ्यात इथं तळ पडला तेव्हा तो ७६ वर्षांचा होता,’’ ती म्हणाली आणि तटाकडे पाहत राहिली. ‘‘माझ्याच वयाचा. या वयात माणसानं घरी परत जायला हवं होतं.’’ इतिहासाच्या पुस्तकांत औरंगजेबाच्या दख्खनच्या मोहिमेची कारणे आणि परिणाम मी अनेकदा वाचले आहेत, पण त्याचे वय मला त्या घाटावर प्रथमच जाणवले.

तिथेच डबा सोडला. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि कांदा एवढेच होते. शेंगांची चटणी उखळात कुटलेली असेल तर तिला तेल सुटते आणि ती बोटाला चिकटते, मिक्सरमधली नुसती भुकटी होते, याबद्दल आईचे मत पक्के आहे आणि माझेही तेच आहे. पुजाऱ्यांनी पाण्याचा तांब्या आणून दिला. फाट्यावर परत आलो तेव्हा पुढच्या गाडीला वेळ होता. टपरीवाल्याने आईला आतली खुर्ची दिली आणि गाडी कोणत्या वळणावरून दिसते ते मला दाखवून ठेवले.

मंगळवेढ्याच्या अलीकडे रान बदलते. इथली जमीन खोल, काळी आणि सपाट आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या पावसाची ओल ती धरून ठेवते आणि त्या ओलीवरच, पुढे एकही पाऊस न पडता, रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चपर्यंत पिकते. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात ते यामुळे, आणि इथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा, अशी दोन्ही पोटे भरणारे हे पीक आहे. बसमधून पाहताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांद्याइतकी ज्वारी होती, मध्येच करडईचा काटेरी पट्टा होता, आणि क्षितिजापर्यंत एकही बांध डोळ्यांत भरत नव्हता.

कोठाराचीच गोष्ट मंगळवेढ्याच्या संतांमध्येही आहे. दुष्काळात बिदरच्या बादशहाच्या कोठारातले धान्य उपाशी लोकांना वाटून टाकणारे दामाजीपंत इथले, आणि त्या धान्याचे पैसे विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बादशहाकडे भरले अशी ती कथा आहे. आम्ही स्थानकावरून रिक्षाने दामाजीपंतांच्या देवळात जाऊन आलो. चोखोबाही इथलेच. गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळून १३३८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, तो याच गावात. कान्होपात्राही इथलीच. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा ती पंढरपूरला गेली आणि विठ्ठलाच्या पायाशीच तिने देह ठेवला, असे सांगतात. आईने हे तिघे मुलांना वर्षानुवर्षे शिकवले होते आणि त्यांचे गाव आपल्या गाडीच्या पाटीवर रोज वाचले होते. देवळाच्या ओट्यावर बसून ती एवढेच म्हणाली की हे आधी पाहिले असते तर धडा वेगळा शिकवला असता.

मंगळवेढा ते पंढरपूर हा टप्पा सुमारे २५ किलोमीटरचा आहे आणि तो मला सगळ्या दिवसातला सर्वांत भरलेला वाटला. दुपारी शाळा-कॉलेज सुटले होते आणि गाडीत निम्म्याहून अधिक मुली होत्या. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. वाहकाने नुसती नजर टाकली की मुली पास वर धरत होत्या, आणि बहुतेकींचे चेहरे त्याला पाठ होते. आमच्या शेजारी उभी असलेली मुलगी अकरावीत विज्ञान शाखेला होती. तिच्या वाडीवरून सकाळी एकच गाडी आहे, ती रात्री गावातच मुक्कामाला असते आणि पहाटे तिथूनच निघते. मुक्कामी गाडी हा शब्द ऐकून आई खुलली. चालक-वाहक शाळेच्या ओसरीत किंवा देवळात झोपत, गावातले कोणी त्यांना भाकरी-कालवण आणून देई, आणि पहाटे इंजिन सुरू झाले की गाव उठे. त्या मुलीने सांगितले की आजही तिची आजी घड्याळ पाहत नाही, गाडीचा आवाज ऐकून चूल पेटवते.

पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी धावली. तेव्हापासून या गाड्यांनी काय केले याचा हिशेब कोणी उत्पन्नाच्या आणि तोट्याच्या आकड्यांत मांडतात, आणि तोही मांडायलाच हवा. परंतु त्या गाडीत पुस्तकाची पिशवी छातीशी धरून उभ्या असलेल्या पंचवीस-तीस मुली त्या हिशेबात कुठल्या रकान्यात लिहायच्या, हे मला कळत नाही. माझ्या आईच्या वर्गातली जी मुलगी पाचवीला शाळा सोडून गेली, तिच्या आणि या अकरावीतल्या मुलीच्या मधे जी काही वर्षे गेली, त्यांत शाळा जवळ आलेली नाही. गाडी आली आहे.

पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनाची रांग आईला झेपण्यासारखी नव्हती. आम्ही महाद्वारापाशी नामदेव पायरीचे आणि तिच्या समोरच्या चोखोबांच्या समाधीचे दर्शन घेतले आणि कळसाला हात जोडले. चोखोबांच्या अस्थी नामदेवांनी मंगळवेढ्याहून इथे आणल्या असे परंपरा सांगते. ज्या माणसाला जिवंतपणी देवळाचा उंबरा ओलांडू दिला नाही, त्याची समाधी त्याच देवळाच्या दारात आहे. देऊळ सर्वांना खुले व्हायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. पायरीपासून समाधीपर्यंत चार पावले चालायची, आणि मंगळवेढ्याहून इथवर आम्ही जेमतेम तासाभरात आलो होतो, या दोन अंतरांचा विचार माझ्या मनातून गेला नाही. आई समाधीपाशी डोके टेकून उठली तेव्हा तिच्या कपाळाला बुक्का लागला होता, तो तिने रात्रीपर्यंत पुसला नाही.

पंढरपूरचे बसस्थानक हा स्वतंत्र विषय आहे. आषाढीला इथे राज्यभरातून हजारो जादा गाड्या येतात. एरवीच्या दुपारी तिथे फिरताना मात्र लांबलांबच्या गावांच्या पाट्या शांतपणे वाचता येतात. आम्ही चहा घेतला आणि पाचच्या सुमाराला मोहोळमार्गे सोलापूरला जाणारी गाडी पकडली. तुंगत, पेनूर अशी गावे मागे पडत गेली. पालखीमार्ग आता रुंद आणि सरळ झाला आहे आणि त्यावरून गाडी वेगाने जाते, त्यामुळे पाहण्यासारखे थोडेच राहते. मोहोळला मावळतीचा उजेड होता. सगळ्या महाराष्ट्रात ज्या मालदांडी ३५-१ या वाणाची ज्वारी पेरली जाते, त्याची निवड इथल्याच संशोधन केंद्रात झाली. मी आईला हे सांगायला वळले तर ती खिडकीच्या दांडीला डोके टेकून झोपली होती आणि पिशवी तिने मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. गाडीत झोपताना पिशवी अशी धरायची सवय तिला २२ वर्षांची आहे.

पुणे महामार्गाने सोलापूर यायला वेळ लागला नाही. होम मैदानावर गड्ड्यातल्या पाळण्यांचे दिवे लांबून दिसत होते. स्थानकावर उतरल्यावर आई सरळ रिक्षाकडे न जाता चौकशीच्या खिडकीपाशी गेली आणि हत्तरसंग कुडलला जाणारी पहिली गाडी किती वाजता आहे असे तिने विचारले. भीमा आणि सीना जिथे मिळतात ते हे ठिकाण. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख आहे, आणि जो हा लेख वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात कोरलेली आहे. सकाळी ओलांडलेल्या दोन्ही नद्या शेवटी कुठे जातात, हे आता तिला पाहायचे होते. वेळ तिने पिशवीतल्या वहीत लिहून घेतली. यंत्राच्या तिकिटावरची अक्षरे थोड्याच दिवसांत पुसट होतात, म्हणून त्यावर काही लिहून ठेवायचे नाही, असे तिने मला बजावले.

घरी पोहोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. मी तिला हातपाय धुऊन झोपायला सांगितले, पण तिने कणसांची पिशवी काढली. शेतात आगटी करून, शेणीच्या निखाऱ्यात भाजलेल्या हुरड्याची चव गॅसवर येत नाही, हे तिला माहीत होते, पण दुसऱ्या दिवसापर्यंत दाणा टणक झाला असता. माळ्यावरची जुनी लोखंडी शेगडी तिने मला खाली काढायला लावली. गॅलरीत कोळसे पेटवून आम्ही कणसे भाजली, ती गरम असतानाच तिने दोन्ही तळव्यांत चोळून दाणे सुटे केले आणि सुपात पाखडले. भाऊ आणि वहिनीही येऊन बसले. आईने प्रत्येकाच्या हातावर मूठ मूठ हुरडा दिला, वर शेंगांची चटणी घातली, आणि ज्या बाईने तो दिला होता तिचे नाव, वडिलांच्या नावासकट, सगळ्यांना सांगितले.